दिवाळीचा पैसा आणि वर्षाचा संसार

(संघाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संघाच्या कार्यकारी मंडळाने घरखर्च, बचत आणि कर्ज या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. ऋण हाच आजचा विषय असल्याने हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. एरव्ही अशा संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांची ओळख होते, वसतिगृहाच्या निधीची चर्चा होते. पैशाचा विषय मात्र घराच्या चार भिंतींत ठेवण्याची आपली रीत आहे. तथापि शिष्यवृत्तीसाठी येणारे अर्ज असोत, मोडलेल्या सोयरिकी असोत, की विकावे लागलेले शेत असो, या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, आणि तो पैशाचा असतो. म्हणून आज तो सर्वांसमक्ष बोलून टाकणे बरे.

काटकसरीवर लिहिलेली पुस्तके आणि वर्तमानपत्रांतील लेख आपण वाचता. दरमहा पगारातून इतका हिस्सा बाजूला टाका, असे त्यांत सांगितलेले असते. हा उपदेश वाईट नाही. पण तो ज्याच्या हाती दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार पडतो त्याच्यासाठी आहे. आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे पुण्यास किंवा सोलापुरास नोकरीनिमित्त गेली, त्यांना तो लागू पडेल. परंतु धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा या आठ तालुक्यांत राहणाऱ्या बहुतेक घरांत पैसा महिन्यावारी येत नाही. सोयाबीन निघते दसरा-दिवाळीच्या सुमारास. हरभरा आणि ज्वारी येते माघ-फाल्गुनात. ऊस असेल तर कारखान्याचे बिल येईल तेव्हा येईल. शेत नसलेल्या दुकानदाराचे व कारागिराचे गिऱ्हाईकही शेतकरीच असल्यामुळे त्याची उधारी याच दोन वेळी वसूल होते. पैसा वर्षातून दोनदा येतो आणि चूल मात्र रोज पेटते. आमच्या मते आपल्या घरांतील कर्जाचे पहिले कारण उधळपट्टी हे नसून येणाऱ्या पैशाचा आणि जाणाऱ्या पैशाचा हा न जुळणारा काळ हे आहे. आजच्या भाषणाचे सारे सार एवढेच आहे. पुढे जे सांगू, ते याच एका गोष्टीचा विस्तार समजावा.

याला इतिहासाचाही दाखला आहे. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि तो वणवा पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्यास दख्खनचे दंगे म्हणतात. त्याच्या चौकशीसाठी जो आयोग नेमला गेला, त्याने एक विचार करण्याजोगा निष्कर्ष काढला. रयत लग्नकार्यात पैसा उडविते म्हणून कर्जबाजारी होते, असा त्या काळच्या अनेक अंमलदारांचा समज होता. आयोगाने म्हटले की, या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. लग्न क्वचित येते, पण बी-बियाणे, बैल, सारा आणि पोटाचे धान्य यांसाठी वरचेवर घेतलेल्या लहान लहान रकमाच रयतेला बुडवितात. याचीच परिणती पुढे १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्यात झाली. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा येथे नव्हता. पण जमीन तीच, पाऊस तोच आणि अडचणही तीच होती.

आता उपाय काय, ते पाहू. एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात दिवाळीला सोयाबीनचे १,५०,००० रुपये आले. तो आकडा एकदम हाती पडला की मनुष्यास आपण संपन्न आहोत असे वाटते. आता त्याची वाटणी करा. बँकेच्या पीककर्जाचे मुद्दल व व्याज मिळून ५०,००० बाजूला काढा. रब्बीची पेरणी आणि पुढल्या मृगाला पीककर्जात न भागणारा खर्च यांसाठी ३०,००० ठेवा. पाऊस दगा देईल त्या सालासाठी १०,००० निराळे ठेवा. राहिले ६०,०००, आणि महिने बारा. म्हणजे त्या घराचे उत्पन्न दीड लाख नसून महिन्याला ५,००० आहे. हे ज्या घराला कार्तिकातच कळते, ते घर चैत्रात कोणाच्या दारी जात नाही. ज्याला ते चैत्रात कळते, त्याला सावकाराचा उंबरठा ओलांडावाच लागतो.

या चार वाटण्या कागदावर करून भागत नाही, त्या जागेनेही निराळ्या असाव्यात. घरखर्चाची रक्कम एका बचत खात्यात ठेवून दरमहा ठरलेल्या दिवशी तेवढेच काढावे, म्हणजे आपणच आपल्याला पगार दिल्यासारखे होते. पेरणीची रक्कम ज्येष्ठापर्यंत मुदत ठेवीत घालावी. दुष्काळाच्या रकमेला दुष्काळाखेरीज हात लावू नये. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली वडील मंडळी येथे बसली आहेत; २०१२-१३ व २०१५-१६ ची टंचाई तर तरुणांनीही पाहिली. आपल्या जिल्ह्यात दुष्काळ हा अपघात मानता येत नाही. तो केव्हा येईल एवढेच अनिश्चित असते, आणि अशा खर्चाला अंदाजपत्रकात घर असलेच पाहिजे.

हे सर्व लिहून ठेवले पाहिजे. लक्ष्मीपूजनाला आपण वहीला हळदकुंकू वाहतो. ती वही कित्येक घरांत पुढल्या दिवाळीपर्यंत कोरीच राहते. आपल्या वाडवडिलांचा हिशेब याहून पक्का होता. हैदराबाद संस्थानात हाली शिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे कळदार. सोलापूरच्या पेठेत माल घेऊन जाणाऱ्यास सात हाली म्हणजे सुमारे सहा कळदार हा बट्टा तोंडपाठ ठेवावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, पुढे हाली शिक्काही चलनातून गेला. दोन नाण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या पिढीच्या नातवंडांना एका नाण्याचा हिशेब जड जावा, हे शोभत नाही. जमा एका बाजूस, नावे दुसऱ्या बाजूस, आणि तिसऱ्या पानावर देणे-घेणे, एवढी तीन पाने रोज पाच मिनिटांत होतात. घरातील मुलीने अगर सुनेने ती लिहावीत. बहुतेक घरांत तीच अधिक शिकलेली असते.

आता कर्जाकडे वळू. कर्ज काढणे हे पाप नाही. ज्या कर्जातून पीक, विहीर, दुकानाचा माल किंवा मुलाचे शिक्षण उभे राहते, ते कर्ज स्वतःची फेड स्वतः करू शकते. विचारावयाचे प्रश्न दोनच: हा पैसा परत काय आणील, आणि केव्हा आणील? पिकाचे कर्ज पीक आल्यावर फेडावयाचे असावे, विहिरीचे कर्ज पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचे असावे. दिवाळीला पैसा येणाऱ्या माणसाने दरमहा हप्त्याची मोटारसायकल घेतली, तर पहिले दोन हप्ते सोयाबीनमधून जातात आणि तिसरा उसनवारीतून.

दुसरी गोष्ट व्याजाची. आपल्याकडे सावकारी दर ‘शेकडा तीन’ असा बोलतात आणि तो ऐकायला किती लहान वाटतो! पण ते तीन दरमहाचे आहेत. ५०,००० रुपयांवर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० झाले. सुमारे पावणेतीन वर्षांत नुसते व्याजच मुद्दलाएवढे होते. व्याजावर व्याज चढविले तर दोनच वर्षांत रक्कम दुप्पट. तेच ५०,००० बँकेकडून ७ टक्के दराच्या पीककर्जाने घेतले, तर वर्षाचे व्याज ३,५०० होते, आणि मुदतीत फेडणाऱ्यास केंद्र सरकारची ३ टक्के सवलत मिळून ते २,००० वर येते. अठरा हजार आणि दोन हजार यांतील अंतर म्हणजे एका मुलाच्या वर्षाच्या शिक्षणाचा खर्च आहे. म्हणून ज्याच्यावर अनेक कर्जे आहेत त्याने सर्वांत जास्त दराचे कर्ज आधी फेडावे. ओळखीच्या माणसाचा तगादा मोठा म्हणून त्याचे आधी, असे करू नये. आणि बँकेचे पीककर्ज थकू देऊ नये. ते थकले की पुढल्या साली बँकेचे दार बंद होते आणि सावकाराचे तेवढे उघडे राहते.

सावकाराशी व्यवहार करावाच लागला तर कायदा माहीत असावा. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या जुन्या धर्मशास्त्रापासून चालत आलेला आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. त्याच वर्षी शासनाने कमाल दर ठरवून दिले: शेतकऱ्यास तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के व बिनतारणी कर्जावर १२ टक्के, इतरांस अनुक्रमे १५ व १८. म्हणजे ‘शेकडा तीन’ हा दर कायद्याच्या कोणत्याच कोष्टकात बसत नाही. अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, आणि चौकशीअंती ती जमीन परत मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही मात्र कोणीही, कोणत्याही अडचणीत करू नये. मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जालाही हेच लागू. धनको कोण आहे आणि वर्षाचा एकूण खर्चदर किती, हे लेखी मिळालेच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते न दाखविणाऱ्याचे कर्ज घेऊ नये.

काढणीच्या ऐन गर्दीत भाव पडलेला असताना देणेदारांच्या भीतीने माल विकणे, हीही एक छुपी व्याजआकारणीच आहे. यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. ती राबविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले, तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के दराने मिळते. भाव नेहमीच चढेल असे नाही. पण विकण्याची घाई तरी दुसऱ्याची राहत नाही. आपल्या बाजार समितीत ही सोय आहे काय, हे प्रत्येकाने सुगीच्या आधी विचारून ठेवावे.

आता ज्ञातीत सर्वांत नाजूक असलेला विषय, जामीनकीचा. मेहुणा येतो, चुलतभाऊ येतो, ‘फक्त एक सही’ म्हणतो आणि नाही म्हणणे जड जाते. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँक त्याच्याकडे न जाता थेट आपल्याकडे येऊ शकते. म्हणून आमचे सांगणे असे की, जेवढी रक्कम आपण स्वतः भरू शकू तेवढ्याच रकमेला जामीन राहावे, आणि घरातील दुसऱ्या माणसास सांगितल्यावाचून राहू नये. ज्याला नकार द्यावयाचा त्यास ‘घरी ठरले आहे’ असे नम्रपणे सांगावे. हातउसने देतानाही रक्कम, तारीख आणि परतीचा दिवस चिठ्ठीवर लिहावा. लिहिल्याने नाते तुटत नाही. न लिहिल्याने तुटलेली नाती आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

बचत कोठे ठेवावी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे गेली. त्या दुःखाचा येथे उपदेशासाठी उपयोग करणे आमच्या जिवावर येते. पण घरातले सारे किडूकमिडूक एकाच भिंतीच्या कोनाड्यात असणे म्हणजे काय, हे ज्यांनी ढिगारे उपसले त्यांना विचारावे. त्याच संकटातून चांगलेही काही निघाले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर व आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांना घरदुरुस्तीच्या कामात पुढे आणले आणि त्या भागात स्त्रियांचे बचतगट उभे राहिले. पुढे दुष्काळाच्या काळात याच संस्थेने स्त्रियांना एक एकरात घरापुरते धान्य, डाळी व भाजीपाला पिकविण्यास शिकविले. गटात शिल्लक लहान असते, पण कर्जाचे व्याज गटातच राहते आणि हिशेब दहा जणींसमोर होतो. आपल्या ज्ञातीतील स्त्रियांनी गावच्या गटात अवश्य असावे; तेथे जातीचा विचार करू नये.

आपल्या भागाची आणखी एक बँक आहे, तिला चार पाय आहेत. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, कोरड्या मुलखात जगते आणि आठवडी बाजारात तासाभरात पैसा होते. दोन पिकांमधील रिकाम्या महिन्यांत असे उत्पन्न, मग ते शेळीचे असो, दुधाचे असो की भूमकडल्या खव्याचे, फार मोलाचे असते. सोनेही अडीनडीस उपयोगी पडते. मात्र दागिन्याची घडणावळ परत मिळत नाही हे ध्यानात ठेवावे, आणि गरजेला ते विकण्यापेक्षा बँकेकडे तारण ठेवावे. शेळीही मरते आणि सोन्याचा भावही उतरतो. म्हणून सारे एका ठिकाणी नको.

ठेवीविषयी एकच कसोटी सांगतो. ठेव विम्याची योजना देशात १ जानेवारी १९६२ पासून आहे आणि २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तिचे संरक्षण आहे. सहकारी बँका त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, मग तिच्या नावात ‘मल्टिस्टेट’ असो की इमारत कितीही चकचकीत असो. अलीकडच्या वर्षांत मराठवाड्यात अशा काही संस्थांच्या दारात ठेवीदार महिनोन् महिने उभे आहेत. निवृत्तीची पुंजी आणि मुलीच्या लग्नाची रक्कम दोन टक्के जास्त व्याजासाठी तेथे गेली होती. जो इतरांहून बरेच अधिक व्याज देतो, तो ते कोठून देतो, हे विचारण्याचा ठेवीदारास अधिकार आहे. समाधानकारक उत्तर नसेल तर ठेव देऊ नये, शिफारस करणारा आपल्याच ज्ञातीचा असला तरी देऊ नये.

ज्याची वर्षाची घडी बसली, त्याने दूरचा विचार करावा. टपाल कचेरीत १५ वर्षांचा भविष्य निर्वाह निधी आहे, दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ पासून सुकन्या समृद्धी खाते आहे. शहरातील नोकरदारांनी म्युच्युअल फंडात जरूर गुंतवावे, पण सात-आठ वर्षे न लागणारा पैसाच तेथे घालावा. तेथे चढ आहे तसा उतारही आहे. विमा मात्र सर्वांनी घ्यावा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा बचत खात्यातून मिळतो. पीकविम्याचा कागदही जपावा. २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने आपल्या जिल्ह्याचे सोयाबीन गेले, तेव्हा ७२ तासांत सूचना दिली नाही म्हणून शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला खरा. पण त्यासाठी दीड वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

लग्नाविषयी बोललो नाही तर आपण म्हणाल, मुख्य गोष्ट टाळली. दीडशे वर्षांपूर्वी आयोगाने लग्नखर्चास निर्दोष ठरविले, म्हणून आज आपण निर्दोष ठरत नाही. आजचा मंडप, वाजंत्री, मानपान आणि पंगती यांचा खर्च वेगळाच आहे, आणि हुंडा तर १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. कर्ज काढून लग्न करू नये, हे वधूपित्यास सांगणे सोपे आहे. पण त्यास तसे करायला लावणारे आपणच असतो. पंगतीला नावे ठेवणारी जीभ आवरली, तर अर्धे कर्ज तेथेच वाचेल. संघाच्या सामुदायिक विवाहात ज्यांची ऐपत आहे त्यांनी आधी आपली मुले उभी करावीत, म्हणजे गरिबास त्यात कमीपणा वाटणार नाही.

शेवटी एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगावी लागते. आपल्या जिल्ह्यात कर्जाच्या ओझ्याखाली शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या वार्ता वर्षानुवर्षे येत आहेत. अशा घरी सांत्वनास जावे तर अनेकदा असे कळते की, कर्ज किती होते आणि कोणाकोणाचे होते, हे पत्नीस ठाऊकच नव्हते. दहाव्यापासून एकेक माणूस चिठ्ठी घेऊन दारी येतो, आणि कोणती खरी व कोणती खोटी हे सांगणारा उरलेला नसतो. कर्ज लाजेने लपविले की ते एकट्याच्या उरावर बसते. घरातल्या चौघांना सांगितले की त्याचे चार वाटे होतात. फेडता येण्याजोगे नसले तरी बँकेशी बोलून मुदत वाढविता येते, जमिनीचा एखादा तुकडा वेळेवर विकता येतो, नातलगांना एकत्र बसविता येते. जीव गेल्यावर यांतले काहीच करता येत नाही.

तेव्हा ज्ञातिबंधू-भगिनींनो, आमचे मागणे तीनच गोष्टींचे आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला पूजलेली वही वर्षभर लिहावी. सुगीचा पैसा हाती येताच आठ दिवसांत त्याच्या चार वाटण्या कराव्यात. आणि घरावरील प्रत्येक देणे पती-पत्नी दोघांच्याही सहीने एका कागदावर असावे. संघानेही प्रत्येक तालुक्यात हिशेबाची जाण असलेले दोघे-तिघे शिक्षक किंवा निवृत्त बँक कर्मचारी नेमावेत. अडलेल्या कुटुंबाने त्यांच्याकडे निःसंकोच जावे आणि त्यांनी ऐकलेले पोटात ठेवावे. असे झाले तर पुढील संमेलनात शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबर कर्जमुक्त झालेल्या घरांची संख्याही अध्यक्ष महोदयांस वाचून दाखविता येईल.

आई तुळजाभवानी सर्वांच्या घरी अन्न, आरोग्य व निश्चिंत झोप देवो अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.